पत्रा, वीट आणि खण : किल्लारीनंतरच्या घरांचा इतिहास

#थ्रेड #मराठवाडा #इतिहास

१/
१० जुलै २०२४. सकाळचे सव्वासात वाजले होते. विष्णुपुरीच्या वसतिगृहात टेबलावरचा पेला किणकिणला आणि आम्ही सारे जिन्याकडे धावलो. केंद्र हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता ४.५. काही क्षणांत सारे शांत झाले. घरी फोन केला तेव्हा कळले, की आजी अंगणात जाऊन बसली आहे आणि आत यायला तयार नाही. आमचे गाव औसा तालुक्यातले. किल्लारी त्याच तालुक्यात आहे, एवढे सांगितले की आजीच्या हट्टाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

२/
त्याच वर्षी २१ मार्चलाही हिंगोली-नांदेड परिसरात असाच धक्का बसला होता. तेव्हा नांदेड जिल्हा प्रशासनाने नागरिकांना एक आवाहन केले : ज्यांच्या घरांवर पत्रे आहेत आणि आधारासाठी पत्र्यांवर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत. ही साधी सूचना मला फार बोलकी वाटली. पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून दगड ठेवायचा आणि भूकंपात तोच दगड डोक्यावर पडू नये म्हणून काढायचा! पत्रा खालच्या चौकटीला पक्का जोडलेला असता, तर दगड ठेवण्याची वेळच आली नसती. या थ्रेडचा विषय हाच आहे : घराचे सांधे.

३/
निमित्त घरचेच. दादाचे लग्न ठरले आणि एक खोली वाढवण्याचा विषय निघाला. दादाचे म्हणणे, की कारखान्यात तयार झालेल्या पॅनेलची खोली आणावी. ट्रकमधून येते, आठवड्यात उभी राहते. बाबांचे म्हणणे, की घर म्हणजे वीट. पत्र्याच्या डब्यात सुनेला ठेवायचे का? दोघेही आपापल्या बाजूने इतिहासाचा दाखला देत होते. इतिहासाचा विद्यार्थी घरात मी, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. तो करताना जे वाचले आणि पाहिले, ते इथे मांडतो.

४/
पहिला गैरसमज असा, की ‘पारंपरिक घर म्हणजे विटांचे घर’. मराठवाड्यात वीट प्राचीन आहे, यात शंका नाही. तेर येथे सातवाहनकालीन विटांचे अवशेष मिळाले आहेत; तिथले त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते आणि किल्लारीच्या भूकंपानंतरही ते उभे आहे. परंतु वीट भाजायला सरपण लागते, चांगली माती लागते, पैसा लागतो. शेतकऱ्याच्या पायाखाली मात्र दख्खनचा काळा दगड फुकट होता. म्हणून वीट देवळांना आणि नगरांना मिळाली. खेड्यातले घर दगड, माती आणि लाकूड यांचेच राहिले.

५/
या घराची रचना समजून घेऊ. बाहेर दोन-अडीच फूट जाडीच्या, चिखलात रचलेल्या दगडी भिंती. आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर कडीपाट आणि सर्वांत वर मातीचे जाड माळवद. ढेलज, ओसरी, माजघर, धान्याचे बळद अशी आतली विभागणी. माळवदासाठी गावठाणातली पांढरी माती वापरत, कारण ती पाणी लवकर झिरपू देत नाही. उन्हाळ्यात बाहेर त्रेचाळीस अंश असताना माजघरात गारवा असे. या घराला अडाणी म्हणणे अन्यायाचे ठरेल. उष्णतेच्या प्रश्नाचे ते उत्तम उत्तर होते.

६/
आता या थ्रेडमधला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला शब्द : ‘खण’. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. घराचे माप चौरस फुटांत सांगण्याची पद्धत नव्हती. ‘पाच खणांचे घर’, ‘बारा खणांचा वाडा’ असे म्हणत. पोरगा कर्ता झाला, कुटुंब वाढले, की सुतार बोलावून खण वाढवत. म्हणजे ठरावीक मापाचे भाग एकापुढे एक जोडून घर वाढवणे ही कल्पना कारखान्याने आपल्याला शिकवलेली नाही. ज्याला आज ‘मॉड्युलर’ म्हणतात, ते आपल्या आजोबांच्या बोलण्यात रोजचे होते. दादाची बाजू ती ‘परदेशी’ आणि बाबांची ती ‘आपली’, हा भेद इथेच ढासळतो.

७/
मग हे घर जीवघेणे कसे ठरले? एक साधा हिशेब करू. माळवद गळू लागले, की दरवर्षी वर नवा थर टाकत. असे थर साचून माती दीड फुटावर गेली असे धरा. मातीचे वजन घनमीटरला सुमारे १,६०० किलो. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीवर ही माती किती होते? जवळजवळ आठ टन! भरलेला मालट्रक छपरावर उभा करावा, तेवढे ओझे. रोज त्याखाली निजणाऱ्याला ते जाणवत नाही, कारण ते एकदम आलेले नसते. पावसाळ्यागणिक पाटी-पाटीने चढलेले असते.

८/
३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तीव्रता ६.२ ते ६.४ अशी नोंदवली गेली. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, तळणी, राजेगाव, पेठसांगवी ही आणि अशी कितीतरी गावे लातूर-धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) पट्ट्यात उद्ध्वस्त झाली. निरनिराळ्या नोंदींनुसार आठ ते दहा हजार माणसे गेली. जगाच्या मापाने भूकंप मध्यम होता. मृतांचा आकडा एवढा वाढला तो घरांमुळे.

९/
त्या भिंतींत नेमके काय बिघडले? दोन फुटी भिंत बाहेरून एकसंध दिसे, पण खरे तर त्या दोन पातळ भिंती होत्या. एक बाहेरच्या तोंडाची, एक आतल्या तोंडाची, आणि मधल्या पोकळीत चिपा व माती. दोन्ही तोंडांना आरपार धरून ठेवणारे लांब दगड अभावानेच घातलेले. जमीन हलताच दोन्ही तोंडे परस्परांपासून सुटली, फुगली आणि कोसळली. उलट खांब आणि तुळयांचा खणाचा सांगाडा, जिथे तो धड होता तिथे, भिंती पडूनही उभा राहिल्याचे अनेक ठिकाणी दिसले. त्याच घरात लाकूड सांध्याने बांधलेले होते. दगड मात्र नुसता एकावर एक ठेवलेला होता.

१०/
हा धडा नवा नव्हता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपातही चिखलात रचलेल्या दगडी घरांचीच वाताहत झाली होती. परंतु कोयना सह्याद्रीत, आम्ही पठारावर. तेव्हाच्या भूकंप-नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या ‘क्षेत्र १’ मध्ये होता. दैवाची आणखी एक थट्टा : अशा कमकुवत दगड-मातीच्या बांधकामाला भूकंपात टिकण्याजोगे कसे करावे, याचे भारतीय मानक १३८२८ त्याच १९९३ साली आले. २००२ साली नकाशा सुधारला, क्षेत्र १ रद्द झाले आणि किल्लारी क्षेत्र ३ मध्ये गेली.

११/
भूकंपानंतर पहिले छप्पर आले ते पत्र्याचे. तात्पुरती शेड उभी राहिली आणि लोक त्यांत एक हंगाम नव्हे, काही वर्षे राहिले. माळवदाच्या गारव्यात वाढलेल्या माणसांना एप्रिल-मेमधला पत्रा म्हणजे भट्टीच. तरीही आजी आजवर पत्र्याला वाईट म्हणाली नाही. ‘पडला तरी जीव घेत नाही,’ एवढेच तिचे मत. बाबांच्या मनात मात्र पत्रा म्हणजे निर्वासितपण. एकाच शेडमध्ये राहिलेल्या दोन पिढ्यांनी पत्र्याचे दोन वेगळे अर्थ बरोबर आणले, हे आमच्या घरच्या वादाचे मूळ आहे.

१२/
आता थोडे दूर जाऊ, कारण तयार घराचा इतिहास पत्र्याच्या शेडपेक्षा जुना आहे. १८३० च्या दशकात लंडनचा सुतार जॉन मॅनिंग ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांसाठी जहाजातून नेता येणारी सुटी लाकडी घरे बनवत असे. १८५५ मध्ये क्रिमियन युद्धासाठी ब्रुनेलने आखलेले आख्खे लाकडी रुग्णालय सुट्या भागांत तुर्कस्तानात गेले. आणि मुंबई? काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल, आजची एस्प्लनेड मॅन्शन, १८६० च्या दशकाअखेर उभे राहिले ते इंग्लंडमध्ये ओतून आणलेल्या बिडाच्या सांगाड्यावर, आणि त्यात भरली वीट! ‘कारखाना की वीट’ या वादाचे महाराष्ट्रातले पहिले ठळक उत्तर ‘दोन्ही’ असे होते.

१३/
स्वतंत्र भारतानेही हा प्रयोग केला. फाळणीनंतर निर्वासितांना घरे देण्यासाठी दिल्लीत सरकारी गृहनिर्माण कारखाना उभारला गेला. त्यामागे जर्मनीहून आलेले वास्तुविशारद ओटो केनिग्सबर्गर होते. हलक्या, सच्छिद्र काँक्रीटची भिंतींची पटले कारखान्यात ओतायची आणि जागेवर जोडायची, ही योजना. प्रत्यक्षात पटले तडकू लागली, टीका झाली आणि घरांचा मूळ बेत सोडून द्यावा लागला. पुढे तोच कारखाना ‘हिंदुस्थान प्रीफॅब’ या नावाने ओळखला गेला. कागदावर स्वस्त असलेले घर वाहतुकीत, हाताळणीत आणि जोडणीत महाग पडू शकते, हे आपण तेव्हाच शिकलो होतो.

१४/
सांध्याची कसोटी जगभर लागली. १६ मे १९६८ : लंडनमधला रोनन पॉइंट हा तयार पटलांचा २२ मजली मनोरा. अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार जण मृत्युमुखी पडले. पुढे ती इमारत उतरवताना काही सांध्यांत चक्क वर्तमानपत्रांचे बोळे सापडले. ७ डिसेंबर १९८८ : आर्मेनियातला भूकंप. लेनिनाकान शहरात तयार खांब-तुळयांच्या नऊमजली इमारती मोठ्या संख्येने कोसळल्या. मोठ्या भिंत-पटलांच्या इमारती मात्र तगल्या. दोन्ही कारखान्यातल्याच होत्या. फरक होता रचनेचा आणि जोडणीचा.

१५/
आपल्या जवळचे उदाहरण कच्छचे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात तिथल्या तयार काँक्रीट पटलांच्या कित्येक शाळाखोल्यांची छपरे कोसळली. छपराची पटले खालच्या भिंतींवर पुरेशी न बांधता टेकवलेली होती. जरा थांबून पाहा : किल्लारीत दगडावर दगड टेकवलेला, कच्छमध्ये पटलावर पटल टेकवलेले आणि नांदेडच्या पत्र्यावर दगड टेकवलेला. साहित्य तीन प्रकारचे, युग तीन प्रकारचे, चूक एकच.

१६/
पुन्हा किल्लारीकडे. जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने भूकंप पुनर्वसन कार्यक्रम राबवला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या धारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. दात्यांनी निरनिराळे प्रयोग केले : बाणेगाव येथे ‘मलयाळ मनोरमा’च्या मदतीने लॉरी बेकर यांच्या आराखड्याप्रमाणे घरे झाली, कुठे घुमटाकार घरेही उभी राहिली. घुमटात लोखंडी कपाट भिंतीला लागत नाही आणि दुसरी खोली जोडायला सरळ बाजूच सापडत नाही! ही घरे बहुतांशी मजबूत होती. परंतु ती ‘पूर्ण’ घरे होती. त्यांत खण वाढवण्याची सोय क्वचितच विचारात घेतलेली होती.

१७/
घर मात्र वाढल्याशिवाय राहत नाही. २५० चौरस फुटांत दोन भावांचा संसार कसा मावणार? काही वर्षांतच नव्या गावांत घरांपुढे पत्र्याची स्वयंपाकघरे आली, गुरांचे गोठे आले. आणि संशोधकांनी खेदाने नोंदवले, की काही ठिकाणी वाढीव खोल्या पुन्हा चिखलात रचलेल्या दगडांच्याच बांधल्या गेल्या. भूकंपात टिकणाऱ्या घराला भूकंपात न टिकणारी खोली चिकटली. याचा दोष लोकांना देणे सोपे आहे. पण ज्या घराची भाषा गावच्या गवंड्याला येत नाही, त्या घरात तो आपल्याला येते त्याच भाषेत भर घालणार.

१८/
याच कार्यक्रमाचा दुसरा, कमी चर्चिलेला भाग मला अधिक मोलाचा वाटतो. ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, तिथली सुमारे दोन लाख घरे जागेवरच दुरुस्त वा मजबूत करण्यात आली. उपाय साधे होते : माळवदाची माती कमी करणे, भिंतीत आरपार सांधा घालणे, खांब-तुळईच्या कोनात तिरके आधार देणे, भिंतीभोवती पट्टा फिरवणे. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने यात गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. पट्ट्यात सळई पडली की नाही, हे पाहणारी घरातली बाई होती. त्यामुळे ज्ञान गावात मुरले.

१९/
आता तराजू हातात घेऊ. पॅनेलच्या बाजूने पहिला मुद्दा वजनाचा. नऊ इंची विटेची भिंत चौरस मीटरला चारशे किलोंहून जड. दोन पातळ पत्र्यांमध्ये फोम भरलेले पॅनेल जेमतेम दहा-बारा किलो. भूकंपाचा जोर वस्तूच्या वजनाच्या प्रमाणात लागतो, म्हणून हा फरक जीवनमरणाचा. दुसरा मुद्दा पाण्याचा. वीटकामाला बांधताना आणि नंतरही दिवसेंदिवस पाणी मारावे लागते. आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. तिसरा मुद्दा वेळेचा. आणि फोममुळे हे पॅनेल साध्या पत्र्यासारखे तापत नाही.

२०/
विटेच्या बाजूने : फोम पेटला तर धूर घातक, विटेला ते भय नाही. हलकी खोली जमिनीला बोल्टने पक्की धरली नाही, तर वळवाच्या वादळात हलकेपणाच तिचा शत्रू होतो. पॅनेलचा सांधा उकलला तर दुरुस्तीचा माणूस शहरातून बोलवावा लागतो. विटेचा गवंडी गल्लीत राहतो. परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटाही आता आपल्याकडे मिळतात. आणि वीट उद्याही वाढवता येते. आज घेतलेल्या पॅनेलचा नमुना दहा वर्षांनी बाजारात असेलच असे नाही. पण लक्षात घ्या, पट्ट्यांवाचून रचलेली विटेची भिंत हीदेखील नुसती टेकवलेलीच भिंत असते.

२१/
माझा निष्कर्ष असा. जुन्या घराच्या माथ्यावर खोली चढवायची असेल, तर आधी अभियंत्याला दाखवावे आणि परवानगी मिळाल्यास हलके पॅनेलच घ्यावे. जुन्या भिंतींवर विटांचे नवे ओझे टाकणे म्हणजे माळवदाचा इतिहास पुन्हा गिरवणे. भुईवर, शेजारी खोली वाढवायची असेल आणि गावात चांगला गवंडी असेल, तर वीट घ्यावी. मात्र जोत्याला, चौकटीच्या वर आणि छपराखाली असे तीन अखंड पट्टे हवेत. दोन्हींत विचारायचा प्रश्न तोच : हा भाग त्या भागाला कशाने धरलेला आहे?

२२/
आमच्या घरी काय झाले? खोली भुईवर होती, म्हणून वीट ठरली. इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मित्राने रेखाटन करून दिले. पाया स्वतंत्र, तीन पट्टे, वर लोखंडी कैच्या आणि हुकांनी आवळलेला पत्रा. त्याने नव्या-जुन्या भिंतींमध्ये दोन बोटांची फट ठेवायला सांगितली, म्हणजे धक्क्यात दोन्ही आपापल्या परीने हलतील, एकमेकींवर आदळणार नाहीत. बाबांना ही फट मुळीच रुचली नाही. ‘एका घरात भिंती वेगळ्या कशाला?’ गवंडीकाकांनी समजूत घातली, फटीवर पत्र्याची पट्टी बसवली आणि काम पुढे गेले.

२३/
दादाचे म्हणणे अजून असे, की पॅनेल लवकर झाले असते. ते खरे आहे. पट्ट्यांची सळई बांधण्यात आणि पाणी मारण्यात दीड महिना गेला. खोली झाल्यावर आजी पाहायला आली. आधी तिने बाहेरून मान वर करून पत्र्यावर दगड नाहीत ना, हे पाहिले. मग आत येऊन हुकांकडे बोट दाखवून विचारले, की हे कुणी आवळले? गवंडीकाकांचे नाव ऐकून ती खाली बसली आणि तिने चहा मागितला.

२४/
आमच्या विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ ची, म्हणजे भूकंपाला वर्षही झाले नव्हते तेव्हाची. आज इथे शिकणाऱ्या बहुतेकांचा जन्म त्यानंतरचा आहे आणि खणांचे घर पाहिलेली पिढी हळूहळू कमी होते आहे. म्हणून एक विनंती : आज घरातल्या थोरल्या माणसाला विचारा, आपले जुने घर किती खणांचे होते, माळवदावर माती कोण टाकायचे, १९९३ नंतर त्यात काय बदलले. उत्तर खाली लिहा. आणि सुटीत गावी गेलात, तर पत्र्यावर दगड आहेत का, ते मान वर करून एकदा पाहा.

थ्रेड समाप्त.